गावातला पब बंद पडलाय. त्या जागेच्या वादात उतरायचं कसं?

इंग्लंडमध्ये नव्या वस्तीत राहायला आलं की शाळा, जीपी, बसथांबा आणि इंडियन दुकान एवढं आपण आधी हेरून ठेवतो. कोपऱ्यावरच्या बंद इमारतीकडे लक्ष जायला वेळ लागतो. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, पाटीचा रंग उडालेला, पन्हळीत झुडूप उगवलेलं, मागच्या बिअर गार्डनमध्ये पुरुषभर उंच काटेरी रान. हा गावचा जुना पब. मग कधीतरी दारात एक पत्रक पडतं, शेजारच्या आजी सही मागायला येतात, आणि एरवी हरवलेल्या मांजरांविषयी बोलणारा वस्तीचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटतो. एकाला पब परत हवा असतो, दुसऱ्याला तिथे घरं हवी असतात, तिसऱ्याला ते भूतघर एकदाचं गेलं तरी पुरे असतं.

आपल्यातले बरेच जण अशा वेळी गप्प बसतात. आपण तिथे कधी गेलो नाही, घरात फारसं कुणी पीत नाही, शिवाय आपण परवा आलेले. पण काउन्सिलच्या (म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या) फायलीत चाळीस वर्षं राहिलेल्याचं पत्र आणि चार महिन्यांपूर्वी भाड्याने आलेल्याचं पत्र यांचं वजन राहण्याच्या काळावर ठरत नाही. पत्रात काय लिहिलंय यावर ठरतं. आणि जुन्या आठवणींचं ओझं नसल्यामुळे ‘त्या जागेवर नेमकं काय हवं’ हा प्रश्न नवा माणूस जास्त थंड डोक्याने विचारू शकतो. खाली दिलेली पद्धत इंग्लंडची आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत, तिथे राहत असाल तर हा लेख जसाच्या तसा वापरू नका.

आधी वाद समजून घ्या

२००० साली ब्रिटनमध्ये ६०,००० हून जास्त पब होते. आता ते ४५,००० च्या आसपास उरलेत. सुपरमार्केटमधली स्वस्त बिअर, कर, वीज-गॅसची बिलं, २००७ ची धूम्रपानबंदी, बदललेल्या सवयी अशी कारणं सगळे सांगतात. एक कारण मात्र कमी बोललं जातं: पब चालवणारा आणि पबच्या जमिनीचा मालक हे बहुतेकदा वेगळे असतात. धंदा जेमतेम चालला तरी गावाच्या मध्यावरची ती जमीन घरांसाठी कितीतरी महाग विकली जाते. त्यामुळे ‘पब चालत नव्हता’ हे वाक्य कुणी उच्चारलं की तो कोणत्या भाड्यावर आणि कोणाच्या बिअरवर चालत नव्हता, हे विचारायला हरकत नाही. अनेक पबचालकांना मालक कंपनीकडूनच, तिच्याच दराने बिअर घ्यावी लागते.

पबला ‘इंग्लंडमधला गावचा पार’ म्हणायचा मोह होतो. पण पाराला मालक नसतो. पबला असतो, आणि सगळा तिढा तिथेच आहे: भावना सार्वजनिक, सातबारा खासगी. ‘हा आमचा पब’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांचा त्या जागेवर कायद्याने काडीचा हक्क नसतो. त्यांच्या हातात असतं ते एवढंच, की मालकाला तिथे दुसरं काही करायचं असेल तर परवानगी लागते आणि त्या परवानगीच्या वाटेवर त्यांना बोलता येतं.

ही परवानगी लागते, हेही अलीकडचं आहे. पूर्वी पबचं दुकान करायला प्लॅनिंगची, म्हणजे बांधकाम आणि जागेचा वापर बदलण्याची, परवानगी लागत नसे, म्हणूनच कित्येक जुने पब आज छोटी सुपरमार्केट म्हणून दिसतात. २३ मे २०१७ पासून इंग्लंडमध्ये पबचा वापर बदलायला किंवा तो पाडायला रीतसर प्लॅनिंगची परवानगी घ्यावी लागते. ग्रुपवर कुणी ‘मालमत्ता त्याची, तो काहीही करेल’ असं लिहिलं तर एवढी एक तारीख पुरते.

भारतीयांचा या जागांशी जुना हिशेब आहे

थोडं विषयांतर. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये साठच्या दशकात काही पबमध्ये काळ्या आणि आशियाई लोकांना ठरावीक खोल्यांत बसू देत नसत. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतला कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्स तिथे आला तेव्हा ‘ब्लू गेट्स’ पबच्या एका खोलीत त्यालाही नकार मिळाला. इंडियन वर्कर्स असोसिएशनने या भेदभावाविरुद्ध चळवळ केली आणि त्याच वर्षीच्या वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा असा भेदभाव बेकायदा ठरवला. पुढे त्याच भागात पंजाबी लोकांनी पडीक, तोट्यातले पब चालवायला घेतले. आज ‘देसी पब’ म्हणून ओळखले जातात ते हेच: बिअरबरोबर तंदूरवरचं मिक्स्ड ग्रिल, आणि गिऱ्हाइकांत गोरे-देसी सगळे. बंद पडणाऱ्या पबला वाचवायची एक वाट आपल्याच देशातून आलेल्या लोकांनी दाखवलेली असताना आपण कोपऱ्यात बसायचं कारण नाही.

पायरी पहिली: कागद काढा

सभेला जाण्याआधी तासभर संगणकासमोर बसा. एचएम लँड रजिस्ट्रीच्या सरकारी संकेतस्थळावर सात पौंडांत मालकी हक्काचा उतारा मिळतो. मालक कोण, बहुतेकदा किंमत किती, आणि जागेवर काही अट आहे का, हे त्यात दिसतं. अट जरूर वाचा. काही कंपन्या पब विकताना ‘इथे पुन्हा पब चालवायचा नाही’ असं कलम घालून विकत असत. असं कलम असेल तर ‘पब वाचवा’ची घोषणा देण्याआधी वकिलाला गाठावं लागेल.

मग काउन्सिलच्या संकेतस्थळावर पाहा: इमारत ऐतिहासिक म्हणून ‘लिस्टेड’ आहे का, वस्ती कॉन्झर्व्हेशन एरियात (जुनं रूप जपायच्या भागात) येते का, त्या पत्त्यावर आधी कोणते अर्ज आले आणि का फेटाळले गेले. आधीच्या नकाराची कारणं म्हणजे तुमच्या पत्राचा अर्धा मसुदा. शेवटी ‘लोकल प्लॅन’ (कुठे काय बांधू द्यायचं याचा काउन्सिलचा आराखडा) उघडा आणि त्यात पब किंवा सामुदायिक सुविधा हे शब्द शोधा. बहुतेक काउन्सिलांचं याबाबत धोरण असतं. त्या धोरणाचा क्रमांक लिहून ठेवा.

पायरी दुसरी: मतदार यादीत नाव घाला

हे अनेकांना माहीतच नसतं. यूकेत कायदेशीरपणे राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून तिथल्या निवडणुकांत मतदान करू शकतो. वर्क व्हिसा असला तरी चालतो, ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. पबच्या वादात याचा थेट उपयोग पुढच्या पायरीवर आहे, कारण तिथे मतदार यादीतली माणसं मोजली जातात. शिवाय दारावर आलेल्या काउन्सिलरला (म्हणजे नगरसेवकाला) तुम्ही मतदार आहात हे कळलं की संभाषणाचा सूर बदलतो, हे सांगायला नको.

पायरी तिसरी: ‘असेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू’

‘असेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू’, थोडक्यात एसीव्ही, म्हणजे ही जागा वस्तीसाठी मोलाची आहे अशी काउन्सिलकडची, २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने आलेली नोंद. जवळपास प्रत्येक सभेत कुणीतरी उभं राहून ‘आपण एसीव्ही करून घेऊ’ म्हणतं आणि टाळ्या पडतात. तिचा अर्थ नीट समजून घ्या.

पॅरिश काउन्सिल (आपल्या ग्रामपंचायतीसारखी) अर्ज करू शकते. ती नसेल किंवा सुस्त असेल तर किमान २१ स्थानिक मतदारांचा, नोंदणी नसलेला साधा गटही करू शकतो. इथे तुमचं नाव त्या २१ मध्ये धरलं जातं. काउन्सिलने आठ आठवड्यांत निर्णय द्यायचा असतो. नोंद झाली तर ती पाच वर्षं टिकते. त्या काळात मालकाला जागा विकायची झाली तर काउन्सिलला कळवावं लागतं. पहिल्या सहा आठवड्यांत एखाद्या स्थानिक संस्थेने ‘आम्हाला बोली लावायची आहे’ असं कळवलं, तर मालकाने काउन्सिलला कळवल्याच्या तारखेपासून सहा महिने विक्री थांबते.

बस, एवढंच. सहा महिन्यांनी मालक तुमची बोली नाकारून हव्या त्याला विकू शकतो. किंमतही तोच ठरवतो. ही नोंद तुम्हाला जागा देत नाही, वेळ देते. पैसे उभे करायची तयारी नसेल तर तो वेळ फुकट जातो. जुलै २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकात हा काळ १२ महिन्यांचा करण्याची आणि स्थानिकांना खरेदीत पहिला हक्क देण्याची तरतूद होती. तुम्ही अर्ज कराल त्या दिवशी कोणते नियम लागू आहेत, ते काउन्सिलला लेखी विचारा. नोंद असली तर प्लॅनिंगच्या अर्जाच्या वेळीही तिचा आधार घेता येतो, आणि माझ्या मते तिचा खरा उपयोग बहुतेकदा तोच होतो.

पडीक पबच्या बाबतीत एक मेख आहे. जागेचा सामाजिक उपयोग सध्या किंवा ‘नजीकच्या भूतकाळात’ असायला हवा, असं कायदा म्हणतो. किती वर्षं म्हणजे नजीक, हे लिहिलेलं नाही. म्हणजे इमारत जितकी जास्त काळ बंद, तितका मालकाचा युक्तिवाद बळकट. वाट पाहणं हा मालकाचा डाव असू शकतो. तुमचा तो असू नये.

पायरी चौथी: अर्ज आला की पत्र

पबसमोरच्या दिव्याच्या खांबावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली नोटीस लागली की घड्याळ सुरू झालं. साधारण २१ दिवस असतात. नंतर आलेली पत्रंही निर्णयापर्यंत कधीकधी धरतात, पण त्या भरवशावर राहू नका. पत्र लिहायला तुम्ही घरमालक किंवा मतदार असायची गरज नाही. विरोधच करायला हवा असंही नाही. पाठिंब्याचं पत्र तितकंच चालतं. मात्र नाव-पत्ता द्यावा लागतो, आणि पत्र संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतं.

इथे नवीन माणसं आणि खूप जुनी माणसंही एकसारखीच गडबड करतात: मनातलं सगळं लिहितात. प्लॅनिंग अधिकाऱ्याला काही मुद्दे विचारात घेताच येत नाहीत. तुमच्या घराची किंमत घसरेल, खिडकीतून दिसणारं टेकडीचं दृश्य जाईल, मालक लबाड आहे, बिल्डर आधीच गबर आहे, हे सगळं खरं असलं तरी त्याला प्लॅनिंगमध्ये शून्य किंमत. मालकावर आरोप केलात तर वर बदनामीची भानगड.

ज्यांना वजन आहे ते मुद्दे असे: नव्या खिडक्यांतून तुमच्या घरात थेट दिसणं, उजेड अडणं, वाहतूक आणि पार्किंग, आवाज, इमारतीचं रूप आणि इतिहास, जुनी झाडं, आणि सामुदायिक सुविधा नाहीशी होणं. राष्ट्रीय प्लॅनिंग धोरणातच सामुदायिक सुविधांच्या यादीत पबचं नाव आहे आणि अशा सुविधा विनाकारण जाऊ देऊ नयेत असं म्हटलंय. छपरात वटवाघळं असतील तर तेही लिहा. ती संरक्षित आहेत, आणि त्यांची पाहणी उन्हाळ्याच्या महिन्यांतच नीट होते.

‘सुविधा’ या मुद्द्यावर आपल्या लोकांकडे चांगला पुरावा असतो, तो कुणी वापरत नाही. गणपती, दिवाळी, मुलांचे वाढदिवस, मराठी शाळेचा रविवार यांसाठी आपण हॉल शोधत मैलोन्‌मैल फिरतो. तेच लिहा. ‘आमचे इतके लोक वर्षातून इतक्या वेळा इतक्या दूरचा हॉल भाड्याने घेतात, या पबची मागची खोली सुरू झाली तर ती आम्ही घेऊ.’ पब म्हणजे फक्त दारू हा समज आपल्याकडे पक्का बसलाय, पण आज टिकलेल्या अनेक पबमध्ये दिवसा कॉफी, जेवण, पोस्टाचा काउंटर किंवा मुलांचा गट चालतो. पीत नसलेला शेजारी त्या जागेचा उपयोग करेल, हे पीत नसलेल्या शेजाऱ्यानेच सांगितलं तर अधिकारी नोंद घेतो.

एकाच मजकुराची पन्नास पत्रं पाठवू नका. ती बहुधा एका सह्यांच्या निवेदनासारखी वाचली जातात. घरागणिक वेगळा मुद्दा, वेगळे शब्द. इंग्रजी साधं असलं तरी बिघडत नाही, ‘माझ्या मुलांच्या झोपायच्या खोलीपासून तुमची बाल्कनी किती मीटरवर येते’ हे विचारायला शेक्सपिअर लागत नाही.

पायरी पाचवी: नकाशात पब किती उरलाय ते बघा

मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. हुशार बिल्डर ‘पब पाडतो’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘तळमजल्यावर पब ठेवतो, वर आणि मागे फ्लॅट बांधतो.’ ऐकायला सोन्यासारखं, सभेतले निम्मे लोक खूश. पण नकाशा उघडा. बिअर गार्डन गेलं का? तळघर, जिथे पिंपं थंड राहतात, तिथे सायकलींची जागा आली का? स्वयंपाकघर आणि त्याचा धूर बाहेर नेणारी नळी कुठे आहे? वर पबचालकाचं राहतं घर होतं ते फ्लॅटमध्ये गेलं का? मालाचा ट्रक उभा कुठे राहणार? हे सगळं काढून उरलेला पब म्हणजे बार आणि चार टेबलं. तो दोन-तीन वर्षांत बंद पडतो, आणि मग ‘बघा, चालत नाही’ म्हणत तिथेही फ्लॅटचा अर्ज येतो.

आवाजाचंही तसंच. पबच्या डोक्यावर झोपायच्या खोल्या आल्या की तक्रारी येणारच. २०१८ पासून राष्ट्रीय धोरणात एक तत्त्व आहे: जो नवीन बांधकाम आणतो त्यानेच आवाजाचा बंदोबस्त करायचा, आधीपासूनच्या पबने नव्हे. म्हणून भिंती आणि छताचं ध्वनिरोधन परवानगीच्या अटींमध्येच यावं, असा आग्रह पत्रात धरा.

दुसरीकडे ‘चालत नाही’ या दाव्याचा पुरावा तपासा. पब म्हणून जागा किती काळ विकायला किंवा भाड्याने होती? अनेक काउन्सिलांची धोरणं किमान वर्षभराचा पुरावा मागतात. किंमत पबची होती की घरांच्या जमिनीची? जाहिरातीत ‘विकासाची संधी’ लिहिलं असेल तर पब चालवणारा तिकडे फिरकणारच नाही. कामरा या १९७१ पासूनच्या बिअरप्रेमींच्या संघटनेने पब चालू शकतो का हे तपासायची प्रश्नावली तयार केली आहे. तिचा आधार घेता येतो.

आणि हे सगळं पाहून ‘इथे घरंच बरी’ असं तुमचं मत झालं तर तेही बिनदिक्कत मांडा. घरांची टंचाई खरी आहे, तुम्ही भाडं भरताय म्हणजे तुम्हाला ती जास्तच माहीत. मग मात्र परवडणारी घरं किती, हे विचारा.

पायरी सहावी: विकत घ्यायचा विचार

साउथ लंडनमधल्या ननहेडचा ‘आयव्ही हाउस’ हा एसीव्ही म्हणून नोंदला गेलेला पहिला पब. २०१३ मध्ये स्थानिकांनी तो सहकारी पद्धतीने विकत घेऊन पुन्हा उघडला. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला सहकार शिकवायला नको, पण इथला ढाचा थोडा वेगळा आहे. साधारणपणे ‘कम्युनिटी बेनिफिट सोसायटी’ नोंदवतात आणि शेअर विकतात. शेअर कितीही घेतले तरी मत एकच. हे शेअर बाजारात विकता येत नाहीत, किंमत वाढत नाही, आणि बँकेतल्या ठेवीसारखं सरकारी संरक्षण त्यांना नाही. बुडाले तर बुडाले एवढेच पैसे घाला. प्लंकेट यूके ही संस्था अशा गटांना सल्ला देते. सरकारचा १५ कोटी पौंडांचा कम्युनिटी ओनरशिप फंड डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला. जुन्या पत्रकांत त्याचं नाव दिसलं तर त्यावर गणित मांडू नका. इमारत पडीक असेल तर खरेदीपेक्षा छप्पर दुरुस्तीच जड जाते, म्हणून बोलीआधी स्वतंत्र सर्वेक्षण करून घ्या.

मध्येच बुलडोझर आला तर

लंडनच्या मेडा व्हेलमधला ‘कार्लटन टॅव्हर्न’ एप्रिल २०१५ मध्ये विनापरवाना पाडला गेला. त्याच सुमारास त्याला ऐतिहासिक दर्जा देण्याचा विचार चालू होता. वेस्टमिन्स्टर काउन्सिलने तो होता तसा पुन्हा बांधायला लावला आणि एप्रिल २०२१ मध्ये तो उघडला. हे जमलं त्याचं एक मोठं कारण म्हणजे पाडण्यापूर्वीच इमारतीची तपशीलवार नोंद झालेली होती. स्टॅफर्डशरमधला वाकडा म्हणून प्रसिद्ध असलेला ‘क्रुकेड हाउस’ ऑगस्ट २०२३ मध्ये आधी आगीत सापडला आणि दोनच दिवसांत पाडला गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये काउन्सिलने तो पुन्हा बांधण्याची नोटीस काढली, मालकांनी त्यावर अपील केलं.

तेव्हा आजच फोटो काढा: चारही बाजू, पाटी, फरशा, काचा, दारावरची कोरीव अक्षरं. आत मात्र शिरू नका. कुंपण तुटलेलं दिसलं, फरशा निघू लागल्या, यंत्रं आली, तर काउन्सिलच्या प्लॅनिंग एन्फोर्समेंट विभागाला त्याच दिवशी कळवा. नुसताच उकिरडा झाला असेल तर १९९० च्या नियोजन कायद्यातील कलम २१५ खाली काउन्सिल मालकाला जागा नीटनेटकी करायला लावू शकते. ही मागणी करायला पब हवा की नको यावर एकमत लागत नाही, त्यामुळे भांडणाऱ्या ग्रुपला एकत्र आणायला ती बरी पडते.

कमिटीची संध्याकाळ

लहानसहान अर्ज अधिकारीच निकालात काढतो. तुमच्या पबचा अर्ज निवडून आलेल्या काउन्सिलरांच्या कमिटीसमोर यावा असं वाटत असेल तर तुमच्या वॉर्डच्या काउन्सिलरला मुदतीत विनंती करा. तो स्वतः कमिटीवर असेल तर आपलं मत सांगणार नाही. आधीच ठरवून बसला असा ठपका त्याला परवडत नाही, त्यामुळे त्याच्या मौनाचा राग मानू नका.

बैठकीची विषयपत्रिका पाच पूर्ण दिवस आधी प्रसिद्ध होते, सोबत अधिकाऱ्याचा अहवाल असतो. तो वाचूनच जा. बोलायला बहुतेक ठिकाणी तीन मिनिटं मिळतात, आधी नाव नोंदवावं लागतं, आणि वेळ संपली की वाक्य अर्ध्यावर तोडतात. अहवालातलं एखादं चुकीचं विधान पकडून त्यावरच बोलणं हे ‘आमचा पब, आमचा वारसा’ म्हणण्यापेक्षा कितीतरी जास्त परिणाम करतं.

अर्ज फेटाळला तर मालक प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे (अशी अपिलं ऐकणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे) अपील करू शकतो. मंजूर झाला तर विरोध करणाऱ्यांना अपीलच नाही. उरते ती न्यायालयीन फेरतपासणी: मुदत सहा आठवडे, खर्च अफाट, आणि तिथेही निर्णय बरोबर होता का हे पाहत नाहीत, फक्त तो कायदेशीर रीतीने झाला का एवढंच पाहतात. परवानगीही कायमची नसते. साधारण तीन वर्षांत काम सुरू झालं नाही तर ती संपते आणि नवा अर्ज येतो. आधीच्या अर्जावरची पत्रं नव्या अर्जाला आपोआप लागू होत नाहीत. म्हणून तुमच्या पत्राची प्रत संगणकात ठेवा, तारीख आणि अर्ज क्रमांक बदला, नवे नकाशे पाहून मुद्दे दुरुस्त करा आणि पुन्हा पाठवा.